नेणता 'नाइस'

(पुण्यातल्या एका पेठेतल्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार मंडळी.

आठवीतली इंग्रजी निबंधाची माझी एक वही मी अजून जपून ठेवली आहे. विषय होता सिंहगडची सहल. पानभर निबंधात 'नाइस' हा शब्द अकरा वेळा आलाय. वारा नाइस, पिठलं-भाकरी नाइस, मडक्यातलं दही नाइस, तानाजीची समाधी नाइस. सरांनी अकराही ठिकाणी लाल शाईनं आडवी रेघ मारली आहे. शेवटची रेघ इतक्या जोरात ओढली की तिथे कागद फाटलाय. खाली समासात लिहिलंय, 'या शब्दाला अर्थ नसतो.'

मला ते फार लागलं. कारण ते दही खरोखरच नाइस होतं. उन्हातून गड चढून आल्यावर मातीच्या गार मडक्यातलं घट्ट दही, वर थोडी साखर. माझ्यापाशी त्यासाठी एवढाच इंग्रजी शब्द होता आणि तो मी मनापासून वापरला होता.

पुढे मी स्वतः मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तेव्हा कळत गेलं की सरांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. या शब्दाला अर्थ नव्हता असं कधी झालंच नाही. उलट इतके अर्थ होते की इंग्रज लोकच त्यात गोंधळून गेले होते.

हे व्याख्यान द्यावंसं वाटलं त्याचं कारण ताजं आहे. गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं सतार वाजवली, त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. मी खाली लिहिलं, 'व्हेरी नाइस'. दहा मिनिटांत एका नातेवाइकांनी कुठूनतरी आलेला मजकूर पुढे ढकलला. त्यात म्हटलं होतं की 'नाइस' या शब्दाचा खरा अर्थ 'मूर्ख' असा आहे, तेव्हा यापुढे कुणाचंही कौतुक करताना हा शब्द वापरू नका. भाचीनं मला विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?"

मी तिला म्हटलं, अर्धं खरं आहे. आजचं बोलणं त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

आधी खरं अर्धं बघू. लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्याच्यापासून 'स्किएन्तिया' झालं, म्हणजे ज्ञान, आणि तेच पुढे आपलं 'सायन्स'. या 'स्कीरे'ला आधी 'ने' लावलं की नकार होतो. 'नेस्कियुस' म्हणजे ज्याला माहीत नाही तो. त्या 'नेस्कियुस'चं फ्रेंच तोंडांत घासून घासून 'नीस' झालं, आणि तेच आजचं 'नाइस'. म्हणजे सायन्स आणि नाइस ही एकाच घरातली भावंडं. एकाला जाणण्याचा वारसा मिळाला, दुसऱ्याला न जाणण्याचा.

आता मराठी कान असलेल्या माणसाला इथे एकदम थबकायला हवं. लॅटिनमधलं 'ने' आणि संस्कृतातलं 'न' हे मुळात एकच. आणि मराठीत 'न' आणि 'जाणणे' एकत्र येऊन काय झालं? 'नेणणे'. जाणता आणि नेणता. 'नेस्कियुस'ला याहून नेमका प्रतिशब्द जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. ने-स्कियुस, ने-णता. घडण तीच, अर्थ तोच. आपल्या संतांच्या अभंगांत हा शब्द पदोपदी भेटतो. आणि आपण 'जाणत्या-नेणत्यांनी' म्हणतो तेव्हा नेणत्यांत कोण येतं? लहान मुलं. नेणता म्हणजे मूर्ख असं मराठीत सहसा कुणी म्हणत नाही. नेणत्याकडे बघताना आपली नजर मऊ होते. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

'स्कीरे'च्याही मागे गेलं तर आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. तो धातू मुळात 'कापणे, वेगळं करणे' या अर्थाचा होता असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि आपला 'छिद्' त्याच्या गोतातला. जाणणं म्हणजे वेगळं करता येणं. हे ऐकून मला काही नवीन वाटलं नाही, कारण हे मी वाड्याच्या ओसरीवर बघितलं होतं. माझी आजी सकाळी सुपात आंबेमोहोर घेऊन बसायची. आधी सूप एका लयीत वर उडवून पाखडायची, भुसा आणि हलकी कणी पुढे जाऊन खाली पडायची. मग सूप मांडीवर टेकवून बोटांनी तांदूळ एका बाजूला सारत जायची. तिची नजर जवळजवळ कुठे थांबत नसे. पण खडा आला की बोट आपोआप थबकायचं. पांढरा खडा, तांदळाच्याच आकाराचा, मला कधीच दिसला नाही. तिला दिसायचा. "हे बघ," म्हणून ती तो माझ्या तळहातावर ठेवायची. हे 'निवडणं'. आणि संस्कृतात 'विवेक' शब्द ज्या 'विच्' धातूपासून आला त्याचा अर्थही हाच, वेगळं काढणं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ७१व्या सूक्तात, म्हटलंय की चाळणीनं सातू चाळावेत तशी शहाण्या माणसांनी मनानं वाणी चाळून घेतली. भाषेबद्दल इतक्या जुन्या काळी इतकं घरगुती आणि इतकं अचूक कुणी बोलून ठेवलंय, याचा मला आजही आनंद होतो.

तर 'नाइस' म्हणजे मुळात ज्याला तांदळातला खडा दिसत नाही तो.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंचचा वरचष्मा राहिला. त्या वाटेनं जे हजारो शब्द इंग्रजीत शिरले त्यांत हा 'नीस' १३००च्या आसपास आला. आला तो 'मूर्ख, बावळट' हाच अर्थ घेऊन. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर हा शब्द वापरतो तो याच अर्थानं, आणि उच्चार करत असणार 'नीस' असाच. पुढे इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ झाली, १४०० ते १७०० या काळात. 'टीम'चं 'टाइम' झालं, तसं 'नीस'चं 'नाइस' झालं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नीस शहर मात्र यात ओढू नका. ते ग्रीक 'निकाइया'वरून आलंय, विजयावरून.

आता मूर्खापासून छानपर्यंत हा शब्द पोचला कसा? सरळ वाटेनं मुळीच नाही. शब्द एका अर्थावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. तो नदीत दगडांवरून पाय टाकत पलीकडे जावं तसा जातो, आणि प्रत्येक दगड आधीच्या दगडाच्या जवळ असतो. मूर्ख माणूस काय करतो? उधळपट्टी करतो, थिल्लरपणा करतो. म्हणून नाइस म्हणजे स्वैर, छचोर. छचोर माणूस कपडे कसले घालतो? भपकेबाज. म्हणून नाइस म्हणजे नटवा. नटव्या माणसाला धूळ चालत नाही, साधं जेवण चालत नाही. म्हणून नाइस म्हणजे नाजूक, नखरेल, याला हात लावणार नाही, ते खाणार नाही. आणि ज्याला हे चालत नाही, ते चालत नाही, तो काय करतो? निवडतो! बारकाईनं बघतो, वेगळं काढतो. म्हणून नाइस म्हणजे काटेकोर, सूक्ष्म, चोखंदळ.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. ज्याला खडा दिसत नाही तो शब्द, फिरत फिरत, ज्याला सगळ्यांच्या आधी खडा दिसतो त्याच्यासाठी वापरला जाऊ लागला. माझ्या अजाण हातातून निघून तो आजीच्या हातात गेला. आणि पुण्यात 'चोखंदळ' म्हटलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. 'चोखंदळ पुणेकर रसिक' हे शब्द जाहिरातीत वाचले की आपण जरा ताठ बसतो. पण तोच शब्द लग्न जमवणाऱ्या बाई मुलाच्या आईबद्दल बोलताना वापरतात तेव्हा त्याला दुसरी धार असते. 'फार चोखंदळ आहेत हो त्या.' कौतुक आणि तक्रार, दोन्ही एकाच शब्दात. सोळाव्या-सतराव्या शतकातला 'नाइस' नेमका असा होता.

त्याच काळात त्याला 'क्षुल्लक' असाही अर्थ होता. बारीक म्हणजे सूक्ष्म, तसं बारीक म्हणजे किरकोळ. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये शेवटच्या अंकात धर्मगुरूला कळतं की आपलं पत्र रोमिओला पोचलंच नाही, आणि तो म्हणतो, ते पत्र 'नाइस' नव्हतं. आजच्या मुलाला वाटेल, पत्रात काही वाईटसाईट लिहिलं होतं. त्याला म्हणायचंय, ते पत्र किरकोळ नव्हतं, त्यावर जीव अवलंबून होते. एका शब्दाचा अर्थ कळला नाही तर त्या क्षणाची सगळी घालमेल हातातून निसटते. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना अर्थ लावायला सांगायची, आणि सगळा वर्ग चुकायचा. त्यांचा दोष नव्हता. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश रचणाऱ्यांनीही या शब्दाखाली नोंद करून ठेवलीय की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कितीतरी वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ हवा होता हे सांगणं अवघड आहे.

१७५५ साली डॉ. जॉन्सनचा इंग्रजी कोश आला. त्यात 'नाइस'खाली काटेकोर, सूक्ष्म, नाजूक, चटकन दुखावणारा अशा अर्थांची रांग आहे, आणि 'छान' मात्र नाही. तो अर्थ लेखी सापडायला लागतो तो थोड्याच वर्षांनी, १७६९च्या सुमारास. बारकाईनं निवडलेलं जेवण चवदार असतं, बारकाईनं केलेलं काम देखणं असतं, असं करत करत बारकाई गळून पडली आणि देखणेपणा तेवढा उरला. माणसाबद्दल 'प्रेमळ, सौजन्यशील' हा अर्थ तर आणखी नंतरचा, १८३०च्या आसपासचा.

नवा अर्थ इतक्या वेगानं पसरला की जाणकार वैतागले. जेन ऑस्टेनची 'नॉर्दँगर ॲबी' ही कादंबरी १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. त्यात हेन्री टिल्नी हा तरुण नायिकेची थट्टा करतो. आजचा दिवस नाइस, आपलं फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुली नाइस, काय शब्द आहे, कशालाही चालतो! मग तो तिला समजावतो की मुळात हा शब्द नेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा यांसाठीच असावा. हा प्रसंग वाचताना मला माझ्या सरांची लाल रेघ आठवली. पण टिल्नीचं काय चुकलं ते बघा. ज्याला तो 'मूळ' अर्थ समजतो तो मूळ नव्हेच, तो नदीतला मधला दगड. त्याच्या हातात असलेला सगळ्यात जुना अर्थ त्याला मूळ वाटला. तसंच माझ्या ग्रुपवरच्या नातेवाइकांचं झालं. ते फक्त एक-दोन दगड आणखी मागे गेले.

जुने अर्थ पुरते गेलेले नाहीत, कोपऱ्यात बसून आहेत. शिवाजीनगर कोर्टात वकिली करणारी माझी एक विद्यार्थिनी सुरुवातीच्या दिवसांत एक निकालपत्र घेऊन आली होती. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की या प्रकरणात एक 'नाइस' कायदेशीर प्रश्न उभा राहतो. तिला वाटलं, साहेबांना प्रश्न आवडला. प्रश्न सूक्ष्म होता, केसाएवढ्या फरकावर उभा होता, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. 'नाइसेटी' या नामातही तोच बारकावा शिल्लक आहे.

आता या शब्दाच्या बरोबर समोरून येणारा एक शब्द दाखवते. क्रिकेट बघणाऱ्यांना तो माहीत आहे, 'सिली पॉइंट'. बॅटच्या तोंडाशी, जवळजवळ हाताच्या अंतरावर क्षेत्ररक्षक उभा करतात ती जागा. तिथे उभं राहणं वेडेपणाचं, म्हणून सिली. पण जुन्या इंग्रजीत याच शब्दाचं रूप 'सॅलिग' असं होतं आणि अर्थ होता धन्य, दैवाची कृपा असलेला. जर्मनमधला त्याचा भाऊ 'झेलिश' आजही 'धन्य' या अर्थानंच नांदतोय. इंग्रजीत मात्र धन्य म्हणजे पुण्यवान, पुण्यवान म्हणजे निष्पाप, निष्पाप म्हणजे बापुडवाणा, बापुडवाणा म्हणजे दुबळा, आणि दुबळा म्हणजे शेवटी बुद्धीनं दुबळा, असं करत सिलीची घसरण झाली. सातशे वर्षांपूर्वी तुम्ही कुणाला सिली म्हटलं असतं तर त्यानं आशीर्वाद समजून घेतला असता, आणि नाइस म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. दोघांनी जागा बदलल्या.

आता घरी येऊ. माझ्या वर्गात दरवर्षी एखादी तरी मुग्धा असायची. पुण्यात हे नाव भरपूर. मुग्धा म्हणजे काय विचारलं तर मुली सांगायच्या, सुंदर, मोहक, निरागस. बरोबर आहे. आपण गाणं ऐकून मुग्ध होतो, बाळाचं हसू मुग्ध असतं. आणि 'मूढ' म्हणजे काय? मूर्ख, गोंधळलेला. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध असेल असं सहज कुणाला वाटणार नाही. पण हे दोन शब्द नाहीतच. एकाच शब्दाची ही दोन रूपं आहेत.

संस्कृतात 'मुह्' धातू आहे, अर्थ गोंधळून जाणे, भान हरपणे. मोह त्याचाच, मोहक त्याचाच. त्याचं भूतकाळवाचक रूप करताना त्या 'ह'चं काय करायचं यात पाणिनीनं विकल्प दिला आहे. एका वाटेनं गेलं तर मूढ, दुसऱ्या वाटेनं गेलं तर मुग्ध. व्याकरण दोघांत फरक करत नाही. फरक केला तो बोलणाऱ्यांनी. भान हरपणं ज्यांना खटकलं त्यांनी एक रूप त्या कामाला लावलं, भान हरपणं ज्यांना लोभस वाटलं त्यांनी दुसरं.

पण 'मुग्ध'ही एकदम गोड झाला नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं रचलेल्या कथासरित्सागरात मूर्खांच्या गोष्टींचा एक सबंध गुच्छ आहे, आणि त्यांतल्या नायकांना 'मुग्ध'च म्हटलंय. एक व्यापाऱ्याचा मुलगा अगुरू, म्हणजे ते मोलाचं सुगंधी लाकूड, विकायला परदेशी बेटावर जातो. तिथे त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. लोक कोळसा मात्र भराभर घेताना दिसतात. तर हा सगळं अगुरू जाळून त्याचा कोळसा करतो, कोळशाच्या भावानं विकतो, आणि घरी येऊन फुशारकी मारतो. हा 'मुग्ध'. यात मोहक काही नाही, हा 'मूढ'च आहे.

आणि याहून मला जवळचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या काळात, त्यांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाला बोपदेव नावाचा पंडित होता. त्यानं संस्कृतचं एक सोपं व्याकरण लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'मुग्धबोध'. मुग्धांना बोध करणारं. हे मुग्ध कोण? ज्यांना अजून काही येत नाही ते, नवशिके. बोपदेव त्यांना मूर्ख म्हणत नाहीये. आणि मोहक तर मुळीच म्हणत नाहीये. तो म्हणतोय, नेणते. एक शिक्षिका म्हणून मला या नावाबद्दल फार माया आहे. शिकायला आलेल्याला न दुखावता 'तुला अजून येत नाही' असं सांगणारा शब्द त्यानं निवडला. (हे व्याकरण पुढे बंगालमध्ये विशेष रुजलं.) ज्या शतकात देवगिरीला 'मुग्ध' नवशिक्यांसाठी वापरला जात होता, जवळजवळ त्याच सुमाराला 'नीस' फ्रेंचमधून इंग्रजीत पाय ठेवत होता, आणि दोघांच्याही अंगावर न जाणण्याचंच वस्त्र होतं.

तोवर 'मुग्ध'चा दुसरा रंगही आलेला होता. साहित्यशास्त्रात नायिकेचे भेद सांगताना मुग्धा, मध्या, प्रगल्भा असा क्रम येतो. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपकातही तो आहे. मुग्धा ही नुकती वयात आलेली, प्रेमातलं काही न कळणारी, लाजरी. तिचं न कळणं हेच तिचं सौंदर्य मानलं गेलं. ते तसं मानावं की नाही, हे मानणारे सगळे पुरुषच होते का, हे प्रश्न मला पडतात आणि ते पडायला हवेत असंही वाटतं. पण शब्दाचा रस्ता मात्र इथे स्वच्छ दिसतो. गोंधळलेला, मग अजाण, मग निरागस, मग लोभस.

इथे मला एक काळजी घ्यायची आहे. मूर्खापासून छानपर्यंत 'नाइस'ही गेला आणि 'मुग्ध'ही गेला, म्हणून दोघांची गोष्ट एकच असं म्हणायचा मोह होतो. मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात तसंच सांगत होते. ते बरोबर नाही. 'नाइस' गेला तो नखऱ्याच्या, बारकाईच्या वाटेनं, 'निरागस' हे स्टेशन त्याला लागलंच नाही. 'मुग्ध' गेला तो निरागसपणाच्या वाटेनं. 'मुग्ध'ची वाट ज्याला लागली तो शब्द 'सिली', फक्त उलट दिशेनं. धन्य, निष्पाप, अजाण, मूर्ख असा तो खाली आला. मूर्ख, अजाण, निष्पाप, लोभस असा 'मुग्ध' वर गेला. अजाण आणि निष्पाप यांच्यामधली भिंत सगळ्याच भाषांत पातळ आहे, आणि तिच्यातून शब्द दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. मघाशी म्हटलं ना, नेणत्याकडे बघताना मराठी माणसाची नजर मऊ होते. ती मऊ नजर शब्दाला वर ढकलते. तीच नजर कंटाळली, की 'बिचारा' म्हणते, आणि शब्द खाली घसरायला लागतो.

आता भाचीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. 'खरा' अर्थ कोणता? इंग्रजीत या शास्त्राला 'एटिमॉलॉजी' म्हणतात. त्यातला 'एटिमॉस' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'खरा'. शब्दाच्या मुळाशी गेलं की खरा अर्थ सापडतो ही समजूत त्या नावातच दडलेली आहे. आपला शब्द 'व्युत्पत्ती'. त्यात उत्पत्ती आहे, उगवणं आहे. खऱ्या-खोट्याचा दावा नाही. मला आपला शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि ही शंका आपल्याकडे फार जुनी. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन ग्रंथात, एक वाद आहे. शाकटायन हा वैयाकरण म्हणतो, सगळी नामं धातूंपासून निघतात. गार्ग्य नावाचा आचार्य अडवतो. तो म्हणतो, वाट आक्रमतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचं असेल, तर वाट आक्रमणाऱ्या प्रत्येकाला अश्व म्हणावं लागेल. मग स्वारगेटहून कात्रजला जाणारी बसही अश्वच. यास्कानं त्याला उत्तर दिलंय, ते जरूर वाचा. पण गार्ग्याचा आक्षेप मला आवडतो. धातू शब्दाला जन्म देतो. कोण काय म्हणून वापरणार हे माणसं ठरवतात. मराठीतच बघा. 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवणं, आज आपल्याकडे दंड. 'राग' म्हणजे मुळात रंग, मग ओढ, प्रेम. आज मी तुमच्यावर रागावले तर प्रेमात पडले असं कुणी समजणार नाही. मुळाकडे बोट दाखवून आजच्या बोलणाऱ्याला चूक ठरवायचं म्हटलं तर या सभागृहात एकालाही तोंड उघडता येणार नाही.

मग मुळाशी जायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. मी जाते ती त्या दगडांसाठी. प्रत्येक दगडावर कुणीतरी माणूस उभा होता आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं. ते सगळे दगड बघायचे असतील तर कोशाच्या कामाला पर्याय नाही. 'नाइस'चा हा सगळा प्रवास मी तुम्हाला सांगू शकते, कारण ऑक्सफर्डच्या कोशासाठी त्याचे संपादक जेम्स मरेंनी १८७९पासून जगभरातल्या वाचकांकडून वाक्यं गोळा केली. एकेका चिठ्ठीवर एक शब्द, एक वाक्य, कुठल्या पुस्तकातलं, कुठल्या सालचं. पहिला भाग १८८४ला आला, काम पुरं झालं १९२८ला. मरे त्याआधीच, १९१५ साली गेले होते.

आणि नेमकं तसंच काम आपल्या पुण्यात, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृतसाठी १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलं. ऐतिहासिक क्रमानं अर्थ देणारा संस्कृतचा महाकोश. वेदांपासून वैद्यक, शिल्पशास्त्र, न्यायशास्त्रापर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथ घेतले. पंचवीसेक वर्षं पंडित मंडळी ओळ न् ओळ वाचत होती आणि हातानं चिठ्ठ्या लिहीत होती. त्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. पहिला भाग १९७६ साली निघाला. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं उलटली तरी छापील कोश 'अ' या अक्षरातच होता, कारण एकेका शब्दाचे सगळे दगड दाखवायचे तर घाई करता येत नाही.

'म' अजून फार लांब आहे. पण वाचन तर सगळ्या अक्षरांचं झालंय. म्हणजे येरवड्याच्या त्या कपाटांत, कुठल्यातरी खणात, 'मुग्ध'च्या चिठ्ठ्या आत्ता या क्षणीही आहेत, आणि त्याच ओळीत थोड्या पुढे 'मूढ'च्या. कुणा एका पंडितानं पन्नास-साठ वर्षांपूर्वी, बहुधा दौत-टाकानं, एकेक वाक्य उतरवून त्या तिथे ठेवल्या. भाचीला मी सांगितलंय की पुढच्या सुट्टीत तिला घेऊन तिकडे जाईन आणि तो खण कुठे आहे ते विचारीन.